शिडीवाला मी नव्हतो

स्कार्लबी,
सोमवार, १६ ऑक्टोबर २००६

ती. हॉरेसदादाच्या सेवेशी,

धाकट्या मर्विनचा दोन्ही कान धरून नमस्कार. (कान का धरलेत ते पुढे कळेल. आपल्या टॉपलिस घराण्याचे कान धरायला सोपे आहेत, एवढी तरी देवाने कृपा केली आहे.)

तुझी प्रकृती कशी आहे? तिकडे कॅनडात ऑक्टोबरातच बर्फ पडायला लागतं म्हणतात, तेव्हा जपून चालत जा. दर नाताळात तुझं कार्ड येतं, त्यात लिहिलेलं असतं, 'गुडघा तसाच. हॉरेस.' मी उलट टपाली कळवतो, 'आमचंही तसंच. मर्विन.' अठ्ठावीस वर्षं आपण सख्खे भाऊ एवढ्यावर भागवत आलो, त्यामुळे हे जाडजूड पाकीट बघून तुला वाटेल की इकडे कुणीतरी मेलं. कुणी मेलेलं नाही. खरी अडचण हीच आहे की एक माणूस मेलेला नाही, आणि तो तू आहेस. पण हे क्रमाने सांगू दे, नाहीतर माझा धीर मध्येच सुटेल आणि मी पुन्हा हवापाण्यावर येईन.

'दोर सांभाळा' ही मालिका तुला आठवत असेलच. (तूच तिच्यात होतास, तेव्हा मी हे तुला समजावून सांगणं म्हणजे आजीला अंडी फोडायला शिकवणं, पण मला सुरुवात कुठून तरी करायला हवी.) लढाईचा काळ, समुद्रकाठचं गाव, शत्रूच्या विमानांना खाली उतरू न देणारा तो आभाळातला हत्तीएवढा फुगा, आणि त्याचा दोर धरून बसलेली सहा निकामी माणसं. तिचा सहावा आणि शेवटचा सीझन सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात इथे स्कार्लबीत चित्रित झाला. तू आणि एडनावहिनी तेव्हा सुट्टीला मिस थर्लोंच्या लॉजमध्ये पंधरा दिवस उतरला होतात. वहिनींना समुद्र आवडायचा म्हणून आलात. तुला समुद्राचा लहानपणापासून तिटकारा. शेवटच्या भागात शिडी घेऊन जाणाऱ्या नटाला कालवं बाधली आणि तू आइस्क्रीमच्या रांगेत उभा होतास, म्हणून त्यांनी शिडी तुझ्या खांद्यावर दिली. फुगा सुटतो, कॅप्टन एकेकाकडे डोळे वटारून बघतो, आणि तू कुणी विचारलेलं नसताना जाता जाता म्हणतोस, "ती गाठ माझी नव्हती." एवढं बोलून तू निघून गेलास, आणि पुढच्या वर्षी जानेवारीत थेट कॅनडाला गेलास.

तो भाग फेब्रुवारीत टीव्हीवर लागला. त्या दिवशी वाऱ्याने इथला टीव्हीचा मनोरा वाकवला होता, त्यामुळे स्कार्लबीकरांना शेवटची पाच मिनिटं नुसत्या मुंग्या दिसल्या, आणि मुंग्यांमधून एक पाठ, एक टोपी आणि दोन कान. एप्रिलात मी इथे येऊन हार्डवेअरचं दुकान टाकलं. तिसऱ्या दिवशी पाव आणायला बेकरीत गेलो. काउंटरवर बेरिल होती. (ही माझी बायको बेरिल, तेव्हा अर्थातच नव्हती.) ती माझ्या कानांकडे बघत म्हणाली, "तुम्ही टीव्हीतले शिडीवाले ना?" दादा, माझ्या मागे रांगेत सात माणसं होती. तो मी नव्हे, तो माझा भाऊ, त्याचं असं झालं की ती कालवं, हे सगळं सांगायला निदान दोन मिनिटं लागली असती. सात माणसांची दोन-दोन मिनिटं आपल्यापायी खर्च करणं आपल्या आईने आपल्याला शिकवलेलं नाही. म्हणून मी नुसता हसलो. बेरिलने पिशवीत एक जास्तीचा बन टाकला. मी खोटं बोललो नव्हतो, असं मी तो बन खाताना स्वतःला बजावलं, आणि त्या दिवसापुरतं ते खरंही होतं.

पण गप्प बसण्याला पुढे पाय फुटतात. पाव करपला की बेकरीवाला मला बघून म्हणायचा, "ती गाठ माझी नव्हती." बोलिंगच्या हिरवळीवर कुणाचा चेंडू भलतीकडे गेला की अख्खा क्लब माझ्याकडे वळून तेच म्हणायचा. मी दुकानाच्या काचेत एक पाटी लावली, 'गाठ तुमची, दोर आमचा', आणि दोराचा खप दुप्पट झाला. शाळेत मुलांसमोर दोन वेळा भाषण दिलं. पहिल्या वेळी मी शिडी कशी धरली ते सांगितलं. दुसऱ्या वेळी माझी निवड चाळीस जणांतून कशी झाली आणि कॅप्टनचं काम करणाऱ्या नटाने मला आपल्या डब्यातलं अर्धं सँडविच कसं दिलं (हॅम, मोहरी लावलेलं) हेही सांगितलं. मोहरीचं मला कुठून सुचलं देव जाणे. तो सीझन टीव्हीवर पुन्हा कधीच लागला नाही, कारण पहिले पाच जास्त विनोदी होते असं सगळ्यांचंच मत होतं, आणि मी त्या मताचा गावातला सर्वांत मोठा पुरस्कर्ता होतो.

एवढंच असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. फुशारकी मारणारा माणूस प्रत्येक गावात एक तरी लागतोच, तो इथे मी होतो. लाज वाटते ती ब्याण्णवची. त्या वर्षी तुझं पत्र आलं होतं, कार्ड नव्हे, चांगलं पानभर पत्र. एडनावहिनी गेल्या होत्या. तू लिहिलं होतंस की घरात आवाज नाही, किटली शिटी वाजवते तेवढीच. दोन आठवडे तुझ्याकडे येऊन राहावं म्हणतो. मी ते पत्र दुकानात उभ्याने वाचलं, आणि माझ्या मनात सर्वांत आधी काय आलं सांगू? हा आला की सगळ्यांना कळेल. वहिनींचा विचार त्यानंतर आला. मी तुला उत्तर लिहिलं की आमच्या घराखालची गटारं खोदली आहेत, सहा महिने घर राहण्यासारखं नाही. दादा, आमच्या घराखाली कुणी कुदळसुद्धा मारली नव्हती. पुढच्या नाताळात तुझ्या कार्डावर पुन्हा 'गुडघा तसाच' आलं, आणि येण्याचा विषय तू कधी काढला नाहीस.

एवढ्यावरही थांबलो नाही. तुझं पत्र आलेलं बेरिलने पाहिलं होतं, आणि तिने चर्चच्या कॉफीच्या बैठकीत कॅनडाचे दीर येणार म्हणून सांगूनही टाकलं होतं. लोक रोज विचारायला लागले, भाऊ कधी येणार, भाऊ कधी येणार. एका गुरुवारी मला ते सहन झालं नाही आणि मी तुला मारलं. न्यूमोनियाने, तीन दिवसांत. (फार त्रास होऊ दिला नाही.) तुझी पुढची कार्डं मी दुकानात अर्ध्या इंची स्क्रूच्या खणात तळाशी ठेवायला लागलो, कारण अर्ध्या इंची स्क्रू कुणी मागत नाही.

आता इथले लोक कसे आहेत ते तू जाणतोस. शुक्रवारी दारात चार झाकलेली भांडी, शनिवारी काळ्या किनारीची सतरा कार्डं, आणि महिनाभरात मिस थर्लोंनी वर्गणी काढून तुझ्या नावाचा बाक बसवला. किनाऱ्यावरून वर येणारा चढ संपतो तिथे, माझ्या दुकानाच्या बरोब्बर समोर. पितळी पाटी आहे: 'हॉरेस टॉपलिस यांच्या स्मरणार्थ. त्यांना हा समुद्र फार आवडे.' आणि नगरपालिकेच्या माणसांनी तो बसवला उलटा. पाठ समुद्राकडे, तोंड माझ्या दुकानाकडे. बाकी अकरा बाक समुद्र बघतात, हा एकटा बादल्या आणि खराटे बघतो. चौदा वर्षं सुट्टीला आलेली माणसं तिथे बसून आइस्क्रीम चाटत माझ्या काचेतून आत बघत आली आहेत. मी दोन वेळा तक्रार केली. दोन्ही वेळा उत्तर आलं, 'देणगीदारांच्या इच्छेनुसार.' सरकारी माणूस चूक कबूल करील तर शपथ, असं म्हणून मी सोडून दिलं. (इतरांनी चूक कबूल करावी याबद्दल मी फार आग्रही आहे.)

आणि आता या सप्टेंबरात तो शेवटचा सीझन डीव्हीडीवर आला. मी बातमी ऐकली त्याच दिवशी बसने शेजारच्या गावी जाऊन दुकानातल्या तिन्ही पेट्या विकत घेतल्या. परत आलो तर आमचे रेव्हरंड हिबर्ट चौथी पेटी हातात घेऊन माझीच वाट बघत होते. चर्चच्या छपरासाठी शनिवारी दुपारी सभागृहात पडद्यावर शेवटचा भाग दाखवायचा, मग चहा, आणि पहिल्या रांगेत उशी घातलेली खुर्ची माझी. मी म्हटलं, तबकडी नाजूक असते, तोवर माझ्याकडे राहू द्या. त्यांनी विश्वासाने दिली. मी दुकान बंद करून तबकडीवर पॉलिशपेपर फिरवला. अगदी मनापासून फिरवला, आधी जाडा, मग बारीक. दादा, आपण ग्रामोफोनच्या काळातली माणसं, सुई वरून फिरते एवढंच आपल्याला ठाऊक. ही तबकडी खालच्या अंगाने वाचतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी फक्त वर छापलेली सहा नटांची तोंडं खरवडून काढली.

शनिवारी नव्वद माणसं आली होती. हिबर्टसाहेबांनी तबकडी पाहिली, त्या बिनतोंडाच्या सहा जणांवरची धूळ रुमालाने पुसली आणि ती यंत्रात घातली. चित्र इतकं स्वच्छ आलं की कॅप्टनच्या मिशीचे केस मोजता यावेत. फुगा सुटला. पाठ आली, टोपी आली, कान आले, शिडी आली. सभागृहातल्या नव्वदच्या नव्वद माणसांनी तुझ्याबरोबर म्हटलं, "ती गाठ माझी नव्हती." आणि मग तू वळलास. मला कुणी सांगितलं नव्हतं की तू वळतोस. पुढच्या दोन दातांमधली फट, गालावरचा तो व्रण (मी पाच वर्षांचा असताना कोळशाच्या फावड्याने केलेला), उन्हाने लाल झालेलं नाक, आणि चेहऱ्यावर इतका आनंद की कुणीतरी बाजूला उभं असलेलं तुला दिसलं असावं, वहिनीच असणार. मला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. पण अठ्ठावीस वर्षांनी तुला पाहत होतो, आणि सगळ्यांत आधी वाटलं ते एवढंच की दादा आला. लाज त्याच्या मागोमाग आली, आणि अजून गेलेली नाही.

दिवे लागले. मी खुर्चीला धरून बसलो होतो. आता कुणीतरी उठेल, बोट दाखवील, आणि एकदाचं सुटेल, असं वाटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि चहाकडे निघाले. मी हिबर्टसाहेबांना गाठून स्पष्ट सांगितलं, "तो माणूस मी नव्हतो." ते म्हणाले, "तुम्हाला दूध आधी घालू की नंतर?" बोलिंग क्लबच्या अध्यक्षांना गाठलं, तर ते म्हणाले उद्या वारा उत्तरेचा आहे, टोमॅटो झाकून ठेवा. शेवटी मिस थर्लोंकडे गेलो. त्या आता ऐंशीच्या आहेत. मी तोंड उघडलं, तर त्यांनी त्यात केकचा तुकडाच घातला जवळजवळ. "घे, मर्विन. चांगलं पार पडलं सगळं." दादा, या गावात माणसाला गुन्हा करणं सोपं आहे, कबूल करायला मात्र कुणी जागा देत नाही.

घरी येताना बेरिलला म्हटलं, "तुला काही विचारायचं नाही?"

ती म्हणाली, "काय विचारू? लग्नाआधीपासून ठाऊक आहे मला. तुझे भाऊ मिस थर्लोंकडे उतरलेले ना. त्यांच्या पाहुण्यांच्या वहीत नाव आहे, सही आहे. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग अठ्ठावीस वर्षं कुणी बोललं का नाही?"

"असं कसं तोंडावर बोलायचं? तुला किती ओशाळल्यासारखं झालं असतं."

"आणि दादा गेला म्हणून मी सांगितलं ते?"

"दुकानातला माल दरवर्षी कोण मोजतं? अर्ध्या इंची स्क्रूच्या खणात कॅनडाची चौदा कार्डं आहेत." मग थोडं चालून ती म्हणाली, "त्यावर मात्र मी बोलायला हवं होतं. तेवढं माझं चुकलं."

तर हे असं आहे. स्कार्लबीत माझं ऐकून घेणारं कुणी नाही, म्हणून तुला लिहितो आहे. सँडविचचं, दोराचं, भाषणांचं तू हसून सोडून देशील हे मला माहीत आहे, तू तसाच आहेस. पण वहिनी गेल्यावर तू दार ठोठावलंस आणि मी गटारं पुढे केली, हे हसून सोडू नकोस. त्यावर चार शब्द सुनाव, मोठ्या भावासारखे. ती गाठ माझीच होती, दादा.

तुझा,
कान धरून उभा असलेला,
मर्विन

ता. क. बेरिलचा नमस्कार. ती म्हणते, पत्रात हवं ते लिहिलंच नाहीस. आत्ता सकाळी हिबर्टसाहेब खिळे घ्यायला आले होते आणि जाता जाता, वाऱ्यापाण्यावर बोलावं तसं बोलले की मे महिन्यातल्या जत्रेचं उद्घाटन 'टॉपलिस बंधूंपैकी जे कुणी मोकळे असतील' त्यांनी करावं अशी समितीची इच्छा आहे. मी मोकळा नाही. तेव्हा तू येशील का? शिडी मी देईन.

ता. क. पुन्हा. पाकीट बंद करणार होतो, पण मग विचार केला की तू आलास आणि ती पाटी वाचलीस तर बरं दिसणार नाही. म्हणून पेचकस घेऊन बाकाकडे गेलो. (स्क्रू अर्ध्या इंची निघाले. माझ्याच दुकानातून गेलेले.) दोन काढले तोवर मिस थर्लो हळूहळू चढ चढून आल्या आणि बाकावर टेकल्या. म्हणाल्या, "राहू दे रे. तो आला की स्वतः काढील." मग त्यांनी पर्समधून तुझा नवा पत्ता काढून दिला, मुलीकडचा, पोस्टाच्या नंबरासकट. मला तो माहीत नव्हता. दरवर्षी नाताळात त्या तुला दोन पानं लिहितात हेही माहीत नव्हतं. म्हणजे हे सगळं पत्र तू आधीच वाचलेलं आहेस, तेही त्यांच्या हस्ताक्षरात, जे माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी विचारलं, दादा जिवंत आहे हे ठाऊक असताना तुम्ही वर्गणी काढलीत कशी? त्या म्हणाल्या, "चढ मोठा आहे. बाक हवाच होता."

त्यानंतर त्यांनी ब्याण्णवचं, तू त्यांना लिहिलेलं पत्र माझ्या हातात दिलं. मी ते तुझ्याच बाकावर बसून वाचलं. वर्गणीत माझेही थोडे धरा, असं तू लिहिलं आहेस. समुद्र फार आवडे वगैरे काय लिहायचं ते लिहा, वाचून एडना हसली असती. आणि शेवटी: 'मला समुद्र बघायचा नाही. बाकाचं तोंड मर्विनच्या दुकानाकडे करा.'

दादा, चौदा वर्षं मी त्या बाकाबद्दल तक्रार करत होतो.

मे महिन्यापर्यंत थांबू नकोस. मागची खोली रिकामी आहे, बेरिलने आजच अंथरूण घातलं आहे. गटारं उत्तम आहेत.